कागद, कान आणि तालीम

नाटक लिहायला शिकवता येते का, हा वाद आपल्याकडे अजूनही रंगतो. मला तो फारसा उपयोगाचा वाटत नाही. गाणे शिकवता येते का, असे कोणी विचारत नाही. शिकवणी लावली जाते, पुढचे ज्याच्या त्याच्या गळ्यावर. विद्यापीठात नाट्यलेखनाचा वर्ग भरतो तेव्हा तिथे नेमके काय तपासले जाते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कागदावरची संहिता, अभिवाचनात ऐकलेले नाटक आणि तालमीत उभे राहिलेले नाटक या तीन वेगळ्या वस्तू आहेत. भाषांतरकार म्हणून या तिन्हींशी माझा संबंध येतो आणि एकीचा निकाल दुसरीला लावला की काय होते, तेही दिसते.

या शिक्षणाचा एक मूळ नमुना अमेरिकेतला आहे. जॉर्ज पियर्स बेकर हार्वर्डमध्ये ‘इंग्लिश ४७’ नावाचा नाट्यलेखनाचा वर्ग घेत. संहिता वाचून चर्चा करणे पुरेसे नाही, हे लक्षात आल्यावर १९१२च्या सुमारास त्यांनी त्याला ‘४७ वर्कशॉप’ची जोड दिली. विद्यार्थ्यांची नाटके निमंत्रितांसमोर होत. प्रयोगानंतर प्रेक्षकांनी लेखी अभिप्राय देणे बंधनकारक होते, आणि ते नावे काढून लेखकाच्या हाती पडत. कोण म्हणाले याला महत्त्व नाही, काय पोहोचले याला आहे, हा त्यामागचा विचार आजही शहाणपणाचा वाटतो. हार्वर्डने या कामाला हवे तसे नाट्यगृह दिले नाही. १९२५मध्ये बेकर येलला गेले.

याच बेकरांकडे १९१४-१५मध्ये यूजीन ओनील शिकत होते. त्यांची ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’ ही एकांकिका म्हणजे मुळात नाटकच नव्हे, असे बेकरांचे मत पडले, हे ओनील यांनीच पुढे सांगितले. मत अनाकलनीय नाही. जहाजावर एक खलाशी मरतो आहे, सोबती शेजारी बसला आहे, बाहेर धुके आहे, ठरावीक वेळाने भोंगा वाजतो. कागदावर यात ‘घडत’ काहीच नाही. १९१६च्या उन्हाळ्यात प्रॉव्हिन्सटाउनच्या हौशी मंडळींनी ती एका घरात मोठ्याने वाचून घेतली आणि त्यांना तिचे मोल तत्काळ कळले. पुढे धक्क्यावरच्या जुन्या इमारतीत प्रयोग झाला, तेव्हा फळ्यांखाली खरा समुद्र होता. बेकरांना कमी कळत होते असे यावरून ठरत नाही. ओनील यांनी त्यांचे ऋण मानलेच. मात्र डोळ्यांनी वाचताना भोंगा ही केवळ रंगसूचना असते. कानाला ती काळाची मोजणी वाटते.

म्हणजे अभिवाचन हाच उपाय? इथे मी थांबते. माझ्या भाषांतरांची अभिवाचने मी वेगवेगळ्या शहरांत ऐकली आहेत. खटकेबाज संवाद तिथे हमखास चालतात, शांतता पडते. रंगसूचना वाचणारा ‘दीर्घ स्तब्धता’ असे म्हणतो आणि ती स्तब्धता त्याच क्षणी मोडतो. अभिवाचनासाठीच लिहू लागलेला विद्यार्थी हळूहळू बोलकी नाटके लिहू लागतो. ‘घाशीराम कोतवाल’ची (१९७२) संहिता टेबलाभोवती बसून वाचून पाहा. ब्राह्मणांची रांग कधी भिंत होते, कधी पडदा, कधी जमाव. त्या नाटकाचा निम्मा युक्तिवाद या माणसांच्या पाठींमध्ये आहे. टेबलाभोवती पाठ दिसत नाही.

तालीम लेखकाला काय शिकवते याचे माझे आवडते उदाहरण ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे (१९६७). बेणारेचे शेवटचे स्वगत तेंडुलकरांनी दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे लिहिले, ही हकिगत मराठी रंगभूमीवर अनेकदा सांगितली जाते. मागणी रास्त होती: इतके सोसलेल्या बाईला बोलू द्या. लेखकाने काय केले ते संहितेत पाहावे. तिला बोलू दिले, पण आजूबाजूची पात्रे गोठवून. ती बोलते ते प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. मागणी पुरी झाली, आणि नाटकाचे म्हणणे सैल होण्याऐवजी घट्ट झाले. तालमीतला अभिप्राय असा घ्यायचा असतो: अडचण दुसऱ्याने दाखवायची, तोड लेखकाने काढायची.

आपल्या विद्यापीठांत नेमके हेच अवघड होते. पुण्याच्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे सतीश आळेकरांसारखा नाटककार वर्षानुवर्षे प्रमुख होता, लेखन आणि तालीम एकाच आवारात नांदू शकतात. पण जिथे नाट्यलेखन भाषाविभागातली एक प्रश्नपत्रिका म्हणून येते, तिथे सत्राअखेरीस गुण द्यायचे असतात आणि गुण कागदालाच देता येतात. नट मिळाले तर एक अभिवाचन होते. मग सूचनांचा पाऊस पडतो, आणि त्या सूचना देणाऱ्यांतच परीक्षक बसलेला असतो. अशा वेळी अभिप्रायाची आज्ञा होते. विद्यार्थी नाटक दुरुस्त करतो आणि बऱ्याचदा त्यातली विचित्र, न बसणारी जागाच काढून टाकतो. ओनीलचा भोंगा पहिल्यांदा तिथेच गेला असता.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. सत्रात तीन संहिता लिहून घेण्याऐवजी एकच घ्यावी आणि तिला नटांसह पंधरा दिवसांची तालीम द्यावी. ऐकणाऱ्यांनी काय बदलावे ते सांगू नये. कुठे लक्ष उडाले, कुठे श्वास अडकला, एवढेच लिहून द्यावे, तेही बेकरांच्या चिठ्ठ्यांसारखे निनावी. आणि गुण देणाऱ्याने त्या पंधरा दिवसांत तोंड उघडू नये.