फ्रिसचं सूत्र, नेरळची खाचरं

बेल लॅबोरेटरीजचे अभियंते हॅराल्ड फ्रिस यांचं १९४६ सालचं टिपण जेमतेम तीन पानांचं, आणि त्यातलं सूत्र एका ओळीचं. दोन्ही अँटेनांच्या परिणामकारक क्षेत्रफळांचा गुणाकार करायचा, अंतराच्या आणि तरंगलांबीच्या वर्गांनी भागायचं. पाठवलेल्या शक्तीतला किती वाटा पोचला ते कळतं. लक्षात ठेवावा असा एकही आकडा त्यात नाही. या नेटकेपणानंतर नजर ठरते ती तरंगलांबीवर. ती छेदात आहे. म्हणजे क्षेत्रफळं तीच ठेवली तर आखूड लहर जास्त शक्ती पोचवते! आखूड लहर लवकर विरते ही ठाम समजूत एका अक्षराच्या जागेनं मोडते.

सूत्र मोकळ्या अवकाशापुरतं आहे. नेरळला मात्र बाजूला माथेरानचा सुमारे ८०० मीटरचा डोंगर आणि खाली पावसाळ्यात तुडुंब भरलेली भातखाचरं. ड्रोन नियमांतल्या ‘हरित क्षेत्रा’त विनापरवानगी १२० मीटरपर्यंतच उडता येणारा ड्रोन या दोहोंच्या मधे सापडतो.

खाचराकाठी दोन मीटर उंचीवर अँटेना, किलोमीटरभर दूर ड्रोन, २.४ गिगाहर्ट्झची आडव्या ध्रुवणाची लहर असं धरू. ड्रोन सरळ वर चढला की ४७ मीटरच्या आसपास थेट आलेली आणि पाण्यावरून परतलेली लहर एकमेकींना उचलून धरतात; ६२ मीटरच्या आसपास त्याच दोघी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. आणि लहर पाण्यावर आपटते कुठं? अँटेनापासून तीस-चाळीस मीटरवर. दूरच्या ड्रोनचा संपर्क दाराशेजारचं खाचर ठरवतं! भात पोटरीला आलं की ६२ मीटरजवळचा संकेताचा तो खळगा उथळ होतो.

म्हणून पोचलेल्या शक्तीची मोजणी करताना प्रत्येक नोंदीतून फ्रिसचं उत्तर वजा करायचं. उरतं ते नेरळचं: सावकाश बदलतो तो डोंगराचा आडोसा, भराभर थरथरतं ते परावर्तन. तानपुऱ्याचा षड्ज स्थिर असतो म्हणूनच गळ्यातली श्रुती कळते. या सूत्राची थोरवी मला तिथंच दिसते.

डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झापला ड्रोननं लस पोचली. नेरळ ज्यात येतं त्या कर्जत तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर तशी औषधं न्यायची, तर ही वजाबाकी भर पावसात, भात उभं असताना आणि रखरखत्या मे महिन्यातही करावी लागेल.