टवाळांची बैठक आणि दुभाष्याची जागा

दुसऱ्याला हसण्यासाठी मराठीत शब्दांची मुळीच टंचाई नाही. थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, उपहास, हेटाळणी, कुचेष्टा. ही यादी या क्रमाने वाचत गेले की शब्दांतली ऊब कमी होत जाते आणि धार वाढत जाते. थट्टेत ज्याची थट्टा चालली आहे तोही हसू शकतो. हेटाळणीत त्याला हसण्याची सोय नसते. एवढे बारीक भेद करणाऱ्या भाषेने हसण्यातला दोष नेमका कुठे सुरू होतो, याचाही विचार केला असणारच. समर्थ रामदासांनी तर विनोदाची आवडच टवाळांच्या पदरात टाकली. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहून त्याच विनोदाला समाजसुधारणेच्या कामाला लावले. तेव्हापासून मराठीत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या जात आहेत.

या प्रश्नावर एका वेगळ्या ग्रंथाची साक्ष काढावी, असे मला बरेच दिवस वाटत होते. तो ग्रंथ म्हणजे बायबल. एका समाजाचा धर्मग्रंथ म्हणून आपण तो आदराने बाजूला ठेवतो. वाङ्मय म्हणून क्वचितच उघडतो. वास्तविक बेळगावकरांना तो परका वाटण्याचे कारण नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते त्या 'यमुनापर्यटन'चे (१८५७) कर्ते बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले आणि १८५४ साली इथेच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्याकडे आपण पुढे येऊच.

बायबलच्या जुन्या करारात 'नीतिसूत्रे' नावाचे एक पुस्तक आहे. आपल्या सुभाषितांच्या जातकुळीचे. त्यात चुकणाऱ्या माणसांचे प्रकार केले आहेत. एक भोळा, ज्याला अजून काही कळत नाही. दुसरा मूर्ख, ज्याला कळून घ्यायचे नाही. आणि तिसरा, ज्याला मूळ हिब्रू भाषेत 'लेत्स' म्हणतात. मराठी भाषांतरांत त्याच्यासाठी 'निंदक', 'उपहास करणारा' असे शब्द येतात. माझ्या मते 'टवाळ' हा शब्द अधिक जवळचा ठरावा. कारण आपल्या संतांना निंदक उपयोगी वाटतो. तो दोष दाखवतो आणि फुकटात आपला मळ धुतो. 'लेत्स' हा तसा उपयोगाचा माणूस नाही. त्याला दोष दाखवायचा नसतो, माणूस छोटा करायचा असतो.

या टवाळाविषयी नीतिसूत्रे काय सांगतात ते पाहण्यासारखे आहे. तो ज्ञान शोधतो, पण त्याला ते सापडत नाही. त्याची चूक दाखवायला जाल तर अपमान पदरी येईल. शहाण्याची चूक दाखवलीत तर तो तुमच्यावर अधिक प्रेम करील. त्याला घराबाहेर काढले की भांडणही त्याच्याबरोबर बाहेर जाते. असली माणसे गावाला आग लावतात. जो गरिबाची टर उडवतो तो त्याच्या निर्माणकर्त्याचाच अपमान करतो. आणखी एक सूत्र तर वर्गात रोज आठवावे असे आहे. शेजाऱ्याला फसवून वर 'मी गंमत केली' म्हणणारा माणूस, जळती कोलिते आणि बाण फेकत सुटलेल्या वेड्यासारखा असतो. 'सर, मी गंमत केली' हे वाक्य तीस वर्षांत किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही.

या सगळ्या सूत्रांना बांधणारा धागा एकच दिसतो. टवाळीचा पहिला बळी, ज्याची टवाळी होते तो नसून, ती करणारा असतो. तो हसतो आणि त्या हसण्याने त्याची समजून घेण्याची गरज संपते. समोरचा असे का बोलतो, असा का वागतो, हा प्रश्न पडण्याआधीच त्याने उत्तर देऊन टाकलेले असते. स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात वाईट संगतीच्या तीन पायऱ्या आहेत. आधी त्या वाटेने चालणे, मग तिथे उभे राहणे, आणि शेवटी टवाळांमध्ये बसणे. चालणारा परत फिरू शकतो. बसलेला माणूस मुक्कामाला आलेला असतो.

आता आपल्या सीमाभागातल्या वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट. बायबलमध्ये माणसाच्या बोलण्यावरून त्याला ओळखून काढण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. 'शास्ते' या पुस्तकात गिलादी आणि एफ्राइमी अशा दोन भाऊबंद टोळ्यांचे युद्ध आहे. हरलेले एफ्राइमी यार्देन नदीच्या उताराशी आले की पहारेकरी त्यांना एकच शब्द उच्चारायला सांगत: 'शिब्बोलेथ'. एफ्राइमींच्या जिभेला 'श' येत नसे. ते 'सिब्बोलेथ' म्हणत आणि तिथेच मारले जात. मेलेल्यांचा आकडा बेचाळीस हजार दिला आहे. आकडा खरा किती हा प्रश्न इतिहासकारांचा. वाङ्मय म्हणून त्याचा अर्थ स्पष्ट आहे. एका अक्षराच्या फरकाला हसणारे आणि त्या फरकावर तलवार चालवणारे यांच्यामध्ये एका नदीच्या उताराएवढेच अंतर असते.

नव्या करारात येशूला पकडून नेल्यावर पेत्र अंगणात उभा आहे. तिथले लोक त्याला म्हणतात की तूही त्यांच्यातलाच, तुझ्या बोलीवरूनच कळते. पेत्र गालीलचा, म्हणजे यरुशलेमच्या मानाने खेड्याकडचा. पुढे 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये तेच गालीलकर अनेक देशांच्या भाषांत बोलू लागतात, तेव्हा काहीजण आश्चर्य करतात आणि काहीजण म्हणतात, हे दारू प्यालेले दिसतात. परक्या भाषेचा आवाज कानी पडताच आश्चर्य वाटणे आणि हसू येणे या दोन्ही गोष्टी एकाच गर्दीत, एकाच क्षणी घडू शकतात. कोणती निवडायची ते ज्याचे त्याच्या हाती.

आणि क्रूसावरची ती पाटी. 'यहुद्यांचा राजा' असे तिच्यावर लिहिले होते, ते उपहासानेच. योहान मुद्दाम नोंदवतो की ती हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावरून आपल्या भागात किती माथी भडकली हे मी सांगायला नको. मातृभाषेत पाटी असावी ही मागणी न्याय्यच आहे. पण त्या टेकडीवरची पाटी कोणत्याही भाषिकाला वाचता येत होती, आणि तरी ती टवाळीच होती. भाषेचा मान पाटीवर राखता येतो. माणसाचा मान राखण्याला पाटी पुरत नाही.

बायबलची एकच बाजू मांडणे समीक्षकाला शोभणार नाही. या ग्रंथात उपहास करणारे संदेष्टेही आहेत. बआल देवाचे साडेचारशे पुजारी सकाळपासून हाका मारीत असताना एलीया त्यांना म्हणतो, मोठ्याने ओरडा, कदाचित तो झोपला असेल. हा निखळ उपहास आहे, आणि ग्रंथाला तो मान्य आहे. एकटा माणूस राजाश्रय असलेल्यांना हसतो, म्हणून आपण तो समजून घेऊ शकतो; तरीही त्या प्रसंगाचा शेवट रक्तपातात होतो, हे विसरता येत नाही. अलीशाच्या टकलाला हसणाऱ्या पोरांची गोष्ट तर माझ्यासारख्या शिक्षकाला पचत नाही. त्याने शाप दिला, रानातून दोन अस्वली आल्या आणि त्यांनी बेचाळीस पोरांना फाडले. मास्तरच्या टकलाला हसणे हा गुन्हा असता, तर आमच्या धंद्यात एकही विद्यार्थी शिल्लक राहिला नसता. टीकाकारांनी या गोष्टीचे समर्थन करण्याचे पुष्कळ प्रयत्न केले आहेत. मला वाटते, ती जशी आहे तशी कठोर म्हणून सोडून द्यावी.

नीतिसूत्रांशी माझा एक मतभेदही आहे. टवाळ सुधारत नाही असे ती जवळजवळ गृहीत धरतात. शाळा चालवणाऱ्याला हे मान्य करता येत नाही. आणि बायबलच पुढे आपले म्हणणे सैल करते. येशूबरोबर दोन चोर क्रूसावर होते. मत्तय म्हणतो, दोघांनीही त्याची हेटाळणी केली. लूक म्हणतो, एकाने केली. दुसऱ्याने त्याला दटावले आणि येशूकडे आश्रय मागितला. दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवून वाचले की, सकाळी हसणारा माणूस संध्याकाळी बदलू शकतो असा अर्थ काढता येतो. तो अर्थ शास्त्रशुद्ध असेलच असे नाही, पण मला तो हवासा वाटतो.

आता बाबा पदमनजींकडे येऊ. एकोणिसाव्या शतकातल्या धर्मवादाची भाषा दोन्ही बाजूंनी बोचरी होती. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जे जाहीर वाद झाले, ते त्या काळच्या वातावरणाची चांगली कल्पना देतात. एकमेकांच्या देवांना बोल लावणे हा त्या काळी युक्तिवादाचा भाग समजला जाई. पदमनजींच्या वादग्रंथांतही हिंदू चालीरीतींवर कठोर टीका आहे. पण आज ते ग्रंथ कोण वाचतो? त्यांचे नाव टिकले ते 'यमुनापर्यटन'मुळे. त्यात यमुना गावोगाव हिंडते आणि विधवांच्या कहाण्या ऐकते. तिथेही धर्माचा प्रचार आहेच, पण लेखकाने आधी कान दिला आहे. शिवाय याच गृहस्थाने मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती १८६३ साली तयार केली. वाद घालणाऱ्या पदमनजींपेक्षा ऐकणारे आणि कोश रचणारे पदमनजी मोठे, असे माझे मत आहे.

कोशाचा उल्लेख सहज केला नाही. हिब्रू कोशांत 'लेत्स'च्या धातूखाली आणखी एक शब्द मांडलेला आढळतो: 'मेलीत्स', म्हणजे दुभाष्या. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ आपल्या भावांशी बोलतो ते अशा दुभाष्याच्या मार्फत. दोन्ही शब्दांचे मूळ खरोखर एकच का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण कल्पना विलक्षण आहे. टवाळ आणि दुभाष्या, दोघेही दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडी घेतात. एक ते वेडेवाकडे करून परत फेकतो. दुसरा ते नीट करून पलीकडे पोचवतो.

सीमाभागातल्या प्रत्येक घरात ही निवड रोज होते. 'काय करूलास?' असे विचारणारे आमचे मराठी पुण्यात हसण्याचा विषय होते. आमच्या आयाबहिणी 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, त्यालाही लोक हसतात. आणि तेच आम्ही कन्नड शेजाऱ्याला हसतो. त्याच्या भाषेत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. त्याला 'ते टेबल' आणि 'ती खुर्ची' हा आमचा कारभार कळावा कसा? उलट कन्नडमध्ये 'हालु' म्हणजे दूध आणि 'हल्लु' म्हणजे दात. आमचे पोर दुकानात दूध मागायला जाऊन दात मागते, तेव्हा दुकान हसते. कंग्राळीच्या खुर्दात काय नि बुद्रुकात काय, हे दोन्ही प्रकार कुणाला नवे नाहीत.

या हसण्याचे सोने कसे करावे, याचा धडा मराठीत आहे आणि तोही बेळगावचाच. पु. ल. देशपांड्यांच्या 'गणगोत'मधले 'रावसाहेब', म्हणजे बेळगावचे कृष्णराव हरिहर. त्यांच्या मराठीत कानडीची सरमिसळ, लिंगांची उलटापालट आणि शिव्यांची पेरणी. वाचक खदखदून हसतो. पण लेख संपताना आपल्याला रावसाहेबांची भाषा अशुद्ध वाटत नाही. आपलीच गुळगुळीत भाषा थोडी कोरडी वाटू लागते. पु. लं.नी नक्कल केली, पण दुभाष्याची केली. त्या वाकड्या व्याकरणातून एक दिलदार माणूस त्यांनी साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा करून दिला. टवाळाने तेच व्याकरण घेऊन त्या माणसाला झाकून टाकले असते.

म्हणून हसू नये असे मी मुलांना कधी सांगत नाही. सांगून ती ऐकणारही नाहीत. दूध मागताना दात मागणाऱ्या पोराला हसा. पण हसून झाल्यावर त्याला योग्य शब्द सांगा, आणि त्याच्याकडून आपल्याला न येणारा एक शब्द शिकून घ्या. दोन भाषांच्या जिल्ह्यात जन्मलेल्याला दुभाष्याची जागा जन्मतःच मिळालेली असते. ती सोडून टवाळांच्या बैठकीत जाऊन बसणे हा नुसता असभ्यपणा नाही. ते हातची विद्या टाकून देणे आहे.