नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती उपासना : ‘आपण’ आणि ‘आम्ही’

खऱ्या ख्रिस्ती उपासनेचे आवश्यक घटक कोणते, हा प्रश्न सामान्यतः धर्मशास्त्राच्या कक्षेत मोडतो, आणि भाषेच्या अभ्यासकाने त्यात हात घालावा हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु उपासना ही पुष्कळ अंशी उच्चारलेली गोष्ट असते. तीत कोणी तरी, कोणाला तरी उद्देशून, कोणाच्या तरी वतीने बोलत असतो. हे तीन संबंध जिथे स्पष्ट असतात तिथे शब्द साधे असले तरी उपासना उभी राहते, आणि जिथे ते विस्कटतात तिथे शब्द कितीही उदात्त असोत, उरतो तो केवळ कार्यक्रम. या संबंधांची परीक्षा घेण्यास मराठीइतकी सोयीची भाषा क्वचितच सापडेल, आणि मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्रही दुसरे नाही.

घटकांची यादी प्राचीन आहे. इ. स. १५५ च्या सुमारास रोम येथे जस्टिन या लेखकाने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांचे समर्थन लिहिले. त्यात रविवारच्या सभेचे जे वर्णन आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. प्रेषितांच्या आठवणींचे व संदेष्ट्यांच्या लेखांचे वाचन, अध्यक्षाचा उपदेश, सर्वांनी उभे राहून केलेली प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस यांवरील उपकारस्तुती, तिला लोकांनी दिलेला ‘आमेन’चा होकार, सर्वांत वाटणी, अनुपस्थितांकडे पाठविलेला वाटा, आणि शेवटी अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान यांच्यासाठी गोळा होणारे दान, असा तो क्रम आहे. संगीताला त्या वर्णनात फारसे स्थान नाही, आणि वास्तूला तर मुळीच नाही. लोकांचा ‘आमेन’ मात्र त्याने आवर्जून नोंदविला आहे. उपकारस्तुती एकाने म्हटली तरी ती सर्वांची आहे, हे त्या एका शब्दावाचून सिद्ध होत नाही.

आता मराठीकडे वळू. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच आहे. मराठीत दोन आहेत : ऐकणाऱ्याला आपल्यात धरणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’. हा भेद गुजरातीत आहे, आणि तमिळसारख्या द्राविडी भाषांतही आहे. याचा उपासनेतील परिणाम सूक्ष्म, पण अटळ आहे. ‘आपण प्रार्थना करू’ हे वाक्य पाळक मंडळीला उद्देशून बोलतो. पुढच्याच क्षणी ‘हे प्रभो, आम्ही…’ म्हणताना त्याचे तोंड फिरते. श्रोता बदलतो, आणि मघाचे श्रोते आता वक्ते होतात. ‘आपण’कडून ‘आम्ही’कडे होणारे हे संक्रमण म्हणजेच उपासनेचा आरंभ, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेच्या मराठी भाषांतरात ‘आमचा’, ‘आम्हांला’ अशीच रूपे येतात. तिथे ‘आपला’ हे रूप कोणत्याही भाषांतरकाराला सुचणे शक्य नव्हते, कारण व्याकरणानेच वाट दाखविली होती.

उत्स्फूर्त प्रार्थनेत मात्र ही वाट वारंवार चुकते. ‘हे देवा, आज आपण सर्व येथे जमलो आहोत, आणि सायंकाळी पाच वाजता स्त्रियांची सभा आहे’ अशा धर्तीची वाक्ये ऐकू येतात. डोळे मिटलेले असले तरी वक्त्याचे तोंड परत मंडळीकडे वळलेले आहे, हे ‘आपण’ लगेच सांगून टाकते. कोणी म्हणेल की जिथे दोघे-तिघे जमतात तिथे स्वतः प्रभूही हजर असतो, तेव्हा ‘आपण’मध्ये तोही आलाच. युक्तिवाद सुंदर आहे, आणि व्याकरणकाराला त्यावर क्षणभर निरुत्तर व्हावे लागेल. पण पाच वाजताच्या सभेची सूचना प्रभूला देण्याचे कारण त्यानेही उलगडत नाही.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे काम सुरू केले. १८३३ मध्ये तेथे मंडळी स्थापन झाली. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ याच शहरातून निघू लागले. मिशनऱ्यांची उपासनापद्धती साधी होती : शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, गीत. वाचन व उपदेश मराठीत आणणे कष्टाचे होते, पण अशक्य नव्हते. अडचण गीताची होती. इंग्रजी स्तोत्राचे वृत्त आघातावर चालते. मराठीत शब्दाघाताला अर्थभेदक स्थान नाही. तिचे छंद अक्षरसंख्येवर, वृत्ते लघुगुरुक्रमावर आणि जाती मात्रांवर चालतात. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसविले म्हणजे चालीचा ठोका ‘कृपेने’ या शब्दातील ‘ने’वर किंवा ‘देवाच्या’मधील ‘च्या’वर पडण्याची पाळी येते. अर्थ कृपेत आहे, आणि गायकाचा जोर तृतीयेच्या प्रत्ययावर! अशा गीताचा अर्थ कळतो, पण ते आपले म्हणून म्हणता येत नाही. हा दोष केवळ कानाचा नाही. ‘आम्ही’ म्हणणाऱ्याच्या तोंडी परकी लय असली की तो ‘आम्ही’ उसना वाटू लागतो.

यावर नगर जिल्ह्यातच उपाय शोधला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे प्रभृतींनी बायबलमधील आख्याने घेऊन ख्रिस्ती कीर्तन उभे केले. या प्रयोगाची स्तुती सहसा ‘देशी वेष’ म्हणून केली जाते. ती अपुरी आहे. कीर्तनाचे खरे मर्म त्याच्या संवादरचनेत आहे. निरूपण करताना कीर्तनकार श्रोत्यांशी बोलतो, तेव्हा ‘आपण’. मध्येच अभंग उचलला की देवाशी बोलतो, तेव्हा ‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’. ध्रुपदाला टाळकरी आणि श्रोते साथ देतात, आणि ती साथ जस्टिनने नोंदलेल्या ‘आमेन’चे काम करते. एका तासात श्रोत्याचे तोंड दहा वेळा देवाकडे वळते आणि दहा वेळा शेजाऱ्याकडे. रविवारच्या सभेत जे शिकवावे लागते ते कीर्तनात अंगवळणी पडते. तथापि कीर्तनाची मर्यादाही त्याच रचनेत आहे. कीर्तनकार उत्तम असला की श्रोते त्याचे होतात. वाहवा मिळते आणि होकार बाजूला राहतो. शिवाय कीर्तनाला भाकर मोडता येत नाही.

नारायण वामन टिळकांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. १८६१ मध्ये कोकणात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पुढची सुमारे वीस वर्षे त्यांचे जीवन मुख्यतः नगर जिल्ह्याशी निगडित राहिले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीता’त त्यांच्या गीतांचा वाटा सर्वांत मोठा आहे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हे विधान भावनिक म्हणून उद्धृत होते. पण त्याला एक काटेकोर भाषिक अर्थ आहे. तुकारामाकडून त्यांनी घेतले ते केवळ सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण नव्हेत. देवाला ‘तू’ म्हणण्याचा अधिकार त्यांनी घेतला. भाषांतरित प्रार्थनेत ‘आपण आमच्यावर कृपा करावी’ असा अर्जवजा सूर लागतो. इथे ‘आपण’ म्हणजे सन्मानार्थी ‘तुम्ही’, आणि देव कलेक्टरसाहेबांच्या जागी बसतो. मराठी भक्ताने विठ्ठलाला कधी अहोजाहो केले नाही. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, आणि माउलीला कोणी ‘आपण’ म्हणत नाही.

अभंगातील नाममुद्रेचा प्रश्न अधिक कुतूहलाचा आहे. टिळकांच्या अभंगांत ‘दास’ ही मुद्रा येते. ‘तुका म्हणे’ गाताना वारकरी तुकारामाचे नाव घेतो. उच्चार गायकाचा, पण मुद्रा संताची. ‘दास’ हे मात्र कोणाचेच विशेषनाम नाही. चारशे माणसांनी ती ओळ एकदम म्हटली की दास चारशे होतात, आणि कवी नाहीसा होतो. सामुदायिक उपासनेसाठी याहून योग्य मुद्रा निवडता आली नसती.

परंतु गुणगौरव येथेच थांबविणे न्यायाचे होणार नाही. देशासाठी रचलेली काही प्रार्थनागीते वगळली तर टिळकांच्या गीतांत एकवचनी ‘मी’चे प्राबल्य आहे. भक्तीचा तो प्राण आहे हे मान्य. पण जस्टिनच्या सभेतील प्रार्थना सर्वांसाठी होती, गैरहजर माणसांसाठीसुद्धा. मंडळीची गीतसंपदा ‘मी’ आणि ‘तू’ यांतच फिरू लागली की दुसऱ्याकरिता करावयाची विनंती हा घटक पाळकाच्या उत्स्फूर्त प्रार्थनेवर सोपविला जातो. आणि त्या प्रार्थनेची अवस्था वर पाहिलीच आहे. टिळकांना ही उणीव जाणवली असावी, असे त्यांच्या अखेरच्या प्रयत्नावरून अनुमान करता येते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला व त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना बोलाविले. ‘आम्ही’ची व्याप्ती वाढविण्याचाच तो उद्योग होता. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो अपुरा राहिला.

दुसऱ्या टोकाचा प्रयोग अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांचा. भारतीय मंडळीला स्वतःचा उपासनाविधी हवा, असे प्रतिपादन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० मध्ये ग्रंथरूपाने केले, आणि त्यासाठी इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाऐवजी सिरियन परंपरेचा आधार घेतला. १९२२ मध्ये नगर येथेच ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन झाला; पुढे तो पुण्यास गेला. प्रभुभोजन हा उपासनेचा गाभा आहे, ही गोष्ट कीर्तनकारांपेक्षा विन्स्लो यांनी अधिक स्पष्ट ओळखली. मात्र भारतीय विधीचा आग्रह धरणारा तो ग्रंथ इंग्रजीत होता. मराठीला पुन्हा भाषांतराचीच भूमिका आली. आशय पौर्वात्य झाला. वाक्याची मोडणी होती तिथेच राहिली.

कॅथलिक गावांचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. तेथे मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि लोकभक्ती मराठीत. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरमध्ये जो जनसमुदाय लोटतो, त्याची बोली, नवस आणि गाणी कोणी भाषांतरित केली नव्हती. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केल्यावर मिस्साही मराठीत आली, आणि वेदीवरील ‘आम्ही’ प्रथमच बाकांवरील ‘आम्ही’च्या भाषेत बोलू लागला. यात्रेतील मराठी आणि वेदीवरील मराठी यांत अजूनही अंतर आहे. पहिली नगरी वळणाची, दुसरी ग्रांथिक.

शेवटी जो घटक बोलला जात नाही, तर केला जातो, त्याचा विचार राहतो. नगरच्या मंडळीत महार जातीतील सभासद होतेच. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती यांच्यासारखा ब्राह्मण तीत आला. प्रभुभोजनाचा पेला एकच असे. धर्मशास्त्राच्या ग्रंथात या विधीची मीमांसा कितीही सूक्ष्म असो, एकोणिसाव्या शतकातील नगरात त्याचा पहिला अर्थ अगदी ढोबळ होता : कोणाचे ओठ कोणानंतर पेल्याला लागणार? स्वतंत्र चूल, स्वतंत्र पाणी यांवर उभ्या असलेल्या समाजात हा प्रश्न टाळून ‘आम्ही’ म्हणता येत नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या सोवळ्याचे जे वर्णन विनोदाने, पण कोणतीही सवलत न घेता केले आहे, ते या दृष्टीने उपासनेच्या इतिहासाचे साधन मानले पाहिजे. विटाळाची भीती मनातून जाण्यास त्यांना वर्षे लागली. बाप्तिस्मा घेतलेल्या सर्वांची ती गेली असे म्हणता येत नाही. लग्नसंबंधांत जात पाहणारी ख्रिस्ती घराणी पुढेही राहिली. अशा घरातील माणसे रविवारी ‘आम्ही’ म्हणतात तेव्हा ते रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ देवासमोर म्हणावयाचे असते, शेजाऱ्यासमोर नव्हे, एवढाच तेथे घोटाळा होतो.

दानाचेही तसेच. १८७६–७८ आणि १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत मिशनच्या मदतीमुळे मंडळ्यांत आलेल्यांवर पोटासाठी धर्म घेतल्याचा आरोप झाला, आणि तो पूर्णतः निराधार होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण त्याच तालुक्यांत कापणीच्या सणाला बाजरीची कणसे, ज्वारीचे धडे, भोपळे, कोंबड्या घेऊन लोक उपासनामंदिरात येऊ लागले. तेथे वेदीपाशी आणलेल्या जिनसांचा सभा संपल्यावर लिलाव होतो, बोली चढते, हशा होतो, आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. गंभीर प्रकृतीच्या पाहुण्यांना हा गलका उपासनेचा भाग वाटत नाही. वास्तविक, ज्याच्या आजोबांनी रांगेत उभे राहून धान्य घेतले तो मनुष्य आपल्या शेतातले पायलीभर धान्य पुढे ठेवून, शेजाऱ्याचा भोपळा दुप्पट किमतीला विकत घेत असतो.