वारीला प्रवास म्हणावे काय?

आषाढ जवळ आला की ‘पालखीचा प्रवास’ हे शब्द जिकडेतिकडे दिसू लागतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात दिसतात, आता दिंडीच्या पत्रिकेवरही दिसतात. शब्द साधा आहे. पण वारीला तो शोभतो काय, याचा विचार वारकऱ्यानेच करायला हवा.

‘प्रवास’ हा ‘वस्’ धातूपासून झालेला शब्द. वस् म्हणजे राहणे. त्याला ‘प्र’ लागला की अर्थ होतो घरापासून दूर राहणे. मुळात त्यात चालणे नाही, दुरावणे आहे. म्हणूनच संस्कृत साहित्यशास्त्राने प्रवास हा विरहाचा एक प्रकार मानला, आणि जिचा पती दूरदेशी आहे तिला ‘प्रोषितभर्तृका’ म्हटले. त्यातले ‘प्रोषित’ हे याच धातूचे रूप. बंगालीत आजही प्रवास म्हणजे परमुलखातले वास्तव्य. मराठीत राहण्याचा अर्थ मागे पडला आणि जाण्याचा पुढे आला. १९०७ साली छापलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या पुस्तकाचे नाव ‘माझा प्रवास’ असेच आहे. शब्दांचे अर्थ बदलायचेच. एस.टी.तल्या प्रवाशाबद्दल आपली तक्रार नाही.

वारीची गोष्ट वेगळी. वारी म्हणजे खेप, पुन्हा पुन्हा जाणे. ठिकाण आले की प्रवास संपतो. वारीत मात्र पुढच्या वारीचे येणे आधीच कबूल केलेले असते. शिवाय संतांनी पंढरीला माहेर म्हटले. माहेरी निघालेल्या लेकीला कोणी प्रवासी म्हणते काय? ती घरापासून दूर जात नाही, घरीच जाते. जुना अर्थ धरला तर प्रवासात आपण असतो ते वारीबाहेरच्या दिवसांत.

मग संसार टाकावा काय? संतांनी तसे सांगितले नाही. ‘सासुरवाशीण’ या शब्दातही तोच ‘वस्’ आहे. सासरचे सगळे काम ती नेटाने करते, ओढ मात्र माहेराची असते. वारकऱ्याने संसार असा करावा. आणि ‘उपवास’ही त्याच धातूचा. उप म्हणजे जवळ. उपवास म्हणजे जवळ राहणे. एकादशी पाळली की नाही, हे साबुदाण्याच्या वाटीवरून ठरत नाही. दिवसभर विठ्ठलाजवळ राहिलो की नाही, यावरून ठरते. ज्यांचे पाय थकले, ज्यांना घरच्या आजारपणामुळे निघता येत नाही, त्यांनाही हे जवळ राहणे मोकळे आहे.

म्हणून पत्रिकेवर ‘वाटचाल’, ‘पालखी सोहळा’ हे आपलेच शब्द असावेत. पण नुसता शब्द बदलून भागणार नाही. देहाने दिंडीत चाललो आणि मन घरच्या कुलपात, शेताच्या बांधात अडकून राहिले, तर पत्रिकेवर काहीही छापलेले असो, आपला तो प्रवासच झाला.