रुद्रकवीचीं चरितकाव्यें व बागलाणचा प्रतापशाह

मुल्हेरच्या बागुल राजांचा आश्रित रुद्रकवि अभ्यासकांस परिचित आहे तो ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्या’मुळें. शके १५१८ (सन १५९६) मध्यें रचिलेलें हें वीस सर्गांचें काव्य १९१७ सालीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत छापून निघालें व बागलाणच्या इतिहासाचें मुख्य साधन ठरलें. त्याच कवीचीं ‘दानशाहचरित’ (१६०३) व ‘खानखानाचरित’ (१६०९) हीं काव्यें मात्र मोंगलांची पोकळ स्तुति म्हणून बाजूस सारलीं जातात. हा निर्णय उतावळा आहे.

काव्य या नात्यानें त्यांची थोरवी गाण्याचें कारण नाहीं. अलंकार सांकेतिक आहेत. नायकाचें नांव बदललें तरी बरेंचसें वर्णन तसेंच चालेल. परंतु हीं काव्यें प्रतापशाहानें रचविलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दोषाचाच पुरावा होतो. गुजरात १५७३ त, अहमदनगर १६०० त व अशीरगड १६०१ त अकबराच्या हातीं गेल्यावर बागलाण मोंगली मुलुखाच्या मध्यें सांपडलें. १६०३ त दक्षिणेचा कारभार शाहजादा दानियालकडे, म्हणून स्तुति दानियालची. १६०९ त दक्षिणेंत वजन अब्दुर्रहीम खानखानाचें, म्हणून स्तुति त्याची, आणि सोबत प्रतापशाहासाठीं आश्रयाची याचनाहि. स्तुति हा लखोटा. आंतील पत्र निराळेंच.

या पत्रांची पार्श्वभूमि कवि सांगत नाहीं. ती परक्याकडून घ्यावी लागते. १६१० त सुरतेहून बऱ्हाणपुरास गेलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच लिहितो कीं, अकबरानें सात वर्षें वेढा घालूनहि शेवटीं तडजोड केली. राजास कांहीं गांवें मिळालीं, त्याबद्दल त्यानें वाटसरू व्यापाऱ्यांचें रक्षण पत्करलें, व त्याचा एक पुत्र बऱ्हाणपुरास ओलीस राहिला. १६३८ त औरंगजेबाच्या फौजेनें मुल्हेर घेईपर्यंत हें राज्य टिकलें, तें केवळ डोंगरी किल्ल्यांच्या बळावर नव्हे.

दुर्बळ पक्षाच्या मुत्सद्देगिरीचीं साधनें त्याच्याच हातचीं क्वचित् मिळतात. अमेरिकेंतील अपाचे नायक कोचीस यानें १८७२ त जनरल हॉवर्डशीं तह करून आपल्या लोकांस स्वतःच्या डोंगरांत राखिलें. १८७४ त तो वारला व १८७६ त ती राखीव भूमि मोडली गेली. त्याचें बोलणें आपणांस दुभाष्यांच्या व प्रतिपक्षाच्या लेखणींतूनच कळतें. बागलाणची बाजू तिच्याच राजकवीच्या संस्कृतांत उरली आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, प्रशस्तिकाव्याची पोथी हातीं आल्यास ती नीरस म्हणून टाकूं नये. काव्य कोणासाठीं, कोणाच्या आज्ञेनें व कोणत्या शकांत रचिलें, हें आधीं पुष्पिकेंत पाहावें, मग रसग्रहण.