लामियाचे दात

निल्स स्टेन्सन ऊर्फ स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाच्या, 1667 साली फ्लॉरेन्समध्ये छापलेल्या ग्रंथात शार्कचं एक चित्र आहे. वर आ वासलेलं, सुरकुतल्या कातडीचं राक्षसी डोकं. खाली त्याच माशाचे सुटे दात. लामिया हे त्या माशाचं चित्रावर कोरलेलं नाव. आदल्या वर्षी लिव्होर्नोजवळ पकडलेल्या अवाढव्य शार्कचं डोकं स्टेनोनं स्वतः चिरलं होतं. चित्र मात्र मेर्काती या आधीच्या अभ्यासकाच्या, तोवर न छापलेल्या ग्रंथासाठी कोरलेलं होतं.

पाहणाऱ्याची नजर जबड्यावर खिळते, पण या चित्राचं बळ मला खालच्या दातांत दिसतं. दात तोंडाबाहेर काढून मांडला की भय उरत नाही, आकार उरतो. माल्टाच्या खडकांत मिळणाऱ्या त्रिकोणी दगडांना तेव्हा लोक सापांच्या दगड झालेल्या जिभा समजत. ताज्या दाताशेजारी तो दगड ठेवावा, एवढंच हे चित्र सुचवतं. स्टेनोनं तेच केलं आणि ते दगड शार्कचेच दात असल्याचं मांडलं.

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर तापीतले खडे चाळतानाही हेच चित्र उपयोगी पडतं. अकीकाची त्रिकोणी कपची हुबेहूब दातासारखी दिसते, पण ती सगळीकडून एकाच पदार्थाची असते. शार्कच्या दातात दोन पोत असतात: वर तुळतुळीत, चकचकीत पातं आणि खाली निस्तेज, सच्छिद्र मूळ. हे मूळ बहुधा दोन फाट्यांचं असतं. पात्याची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. कडेवरून नख फिरवलं तर काही जातींत बारीक करवत लागते. गाई-म्हशीची दाढही वेगळी ओळखू येते: ती उंच असते आणि तिच्या चावण्याच्या पृष्ठावर दंतवल्काच्या (एनॅमलच्या) घड्या दिसतात.

तरी दाताइतकीच नदीही वाचावी लागते. इथली तापी काळ्या पाषाणातून वाहते. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा आहे. त्यात समुद्री शार्क कुठून असणार? असा दात राजघाटावर मिळालाच, तर त्याचं वय विचारण्याआधी तो तिथे आणला कुणी, हे विचारावं.

समुद्र हवा असेल तर सातपुडा ओलांडून नर्मदेकडे, धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात जावं. तिथल्या सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकांत शिंपले, समुद्री अर्चिन आणि शार्कचे दातही मिळाले आहेत. पुण्याच्या जीवाश्मशास्त्रज्ञ जी. डब्ल्यू. चिपळोणकरांनी तिथले अर्चिन आणि शिंपले किती निष्ठेनं अभ्यासले! शार्कचे मात्र बहुधा दातच मिळतात: त्याचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात आयुष्यभर हजारोंनी गळतात. दाताच्या आकारावरून खाणंही कळतं: लांब टोकदार दात निसटता मासा धरायला, चपटे दात कवचं फोडायला. खडकातला दात उपटण्याआधी त्याचा थर टिपून ठेवावा, कारण सुट्या दाताला आकार असतो, पण काळ त्या थरातूनच कळतो.