रसविरोध आणि आश्रयभेद : ‘झपाटलेला’च्या निमित्ताने

भयपट आणि गाण्यांनी नटलेला विनोदी चित्रपट यांचे एकत्र येणे मराठी समीक्षेने बहुधा ‘भेसळ’ या एका शब्दात निकालात काढले आहे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) या संदर्भात विशेष विचारार्ह ठरतो. टॉम हॉलंड दिग्दर्शित ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाशी त्याचे असलेले ऋण उघड आहे. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला खून करीत सुटतो, हे कथासूत्र तेथूनच आले आहे. परंतु ऋणाची नोंद केली म्हणजे संहितेचे विश्लेषण झाले असे होत नाही. उसन्या कथासूत्रात कोणता फेरफार झाला आणि त्यामुळे आस्वादाची दिशा कशी बदलली, हा खरा प्रश्न आहे.

मूळ चित्रपटात बाहुला सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो. मूल धोक्यात असताना प्रेक्षकाला मोकळेपणाने हसता येत नाही. मराठी चित्रपटात मुलाची जागा लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारलेल्या लक्ष्या या प्रौढ, पण बालसदृश पुरुषाने घेतली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचा नाद आहे. शब्दभ्रमकाराच्या मांडीवरचा बाहुला बोलला तर त्यात कुणालाही नवल वाटण्याचे कारण नाही. खुनी आवाज हा लक्ष्याच्याच कसबाचा भाग समजला जाण्याची सोय कथेच्या गाभ्यातच झाली आहे. परिणामी सत्य सांगणाऱ्या लक्ष्यावर कुणी विश्वास ठेवीत नाही, हे भयपटातील रूढ सूत्र येथे उपरे राहत नाही.

संस्कृत साहित्यशास्त्राने हास्य आणि भयानक यांना परस्परविरोधी मानले आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हा विरोध स्पष्टपणे नोंदलेला आहे. मात्र आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात विरोधाच्या परिहाराचे मार्गही दिले आहेत. विरोधी भाव भिन्न आश्रयांच्या ठिकाणी ठेवावेत, हा त्यांपैकी एक. दोन विरोधी रसांमध्ये तिसऱ्याचे व्यवधान घालावे, हा दुसरा. नायकाच्या ठिकाणी वीर आणि प्रतिपक्षाच्या ठिकाणी भय, अशी योजना त्याला अभिप्रेत आहे. ‘झपाटलेला’ ही योजना पात्रांच्या पलीकडे प्रेक्षकापर्यंत नेतो. बाहुला सजीव आहे हे ठाऊक नसलेला गाव निर्धास्त असतो, तेव्हा जाणता प्रेक्षक धास्तावतो; आणि लक्ष्या भयाने गर्भगळीत होतो, तेव्हा तोच प्रेक्षक हसतो. लक्ष्याचे भय प्रमाणाबाहेर गेल्याने भयानकाचा आभास होतो, आणि रसाभासातून हास्य निपजते हे अभिनवगुप्ताने सांगितलेच आहे. म्हणजे येथे दोन रसांचे मिश्रण झालेले नसून त्यांचे वाटप झाले आहे.

या वाटपाला साधनांची मर्यादाही साह्यभूत ठरते. अमेरिकी बाहुल्यामागे यांत्रिक हालचालींचे खर्चिक तंत्र होते. तात्या विंचूमागे रामदास पाध्ये यांची बाहुलीकला आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज होता. बाहुल्याचे बाहुलेपण लपत नाही. जड देह आणि जिवंत आवाज यांतील फट कायम दिसत राहते, आणि त्या एकाच फटीतून भयही येते व हसूही येते.

हे आस्वादन मराठी प्रेक्षकाला चित्रपटानेच शिकवले असे मानण्याचे कारण नाही. पावस हे गाव बाहेरच्यांना स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळे परिचित आहे. परंतु ज्या रत्नागिरी परिसरात ते वसले आहे, तेथील शिमगा आणि नमन-खेळे यांत संकासुराचे सोंग येते. काळा वेष, मुखवटा आणि पांढरी दाढी असा हा असुर पोरांना पळवून लावतो आणि त्याच वेळी मृदंगाच्या तालावर नाचून लोकांना हसवतो. दक्षिणेकडच्या दशावतारात तर वेद चोरणारा हाच असुर मालवणी बोलीत थट्टामस्करी करतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. भिणारी पोरे आणि हसणारी वडीलधारी माणसे एकाच अंगणात बसलेली असतात. आश्रयभेद तेथे प्रेक्षागारातच सिद्ध असतो. ‘झपाटलेला’वर या प्रकारांचा थेट प्रभाव आहे असा दावा करता येणार नाही. तथापि ज्या आस्वादसवयीवर तो विसंबतो ती लोकरंगभूमीची आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

या निकषावर चित्रपटातील उणीवही नेमकी दाखवता येते. संकासुराचे नृत्य हे संकासुराचेच असते. गीत आणि भय यांचा आलंबनविभाव तेथे एकच राहतो. ‘झपाटलेला’तील प्रणयगीते मात्र बाहुल्याला बाजूला सारून येतात. आनंदवर्धनाच्या अर्थाने ते व्यवधान आहे खरे, पण ते रसाच्या गरजेतून न येता व्यावसायिक संकेतातून आलेले आहे. त्यामुळे विरोध टळतो, पण परिपोष होत नाही. भयाने विनोदाला येथे सामावून घेतले आहे. संगीताला मात्र पाहुण्यासारखे वागवले आहे.

तेव्हा अशा चित्रपटांच्या संदर्भात प्रकारशुद्धीचा आग्रह अप्रस्तुत ठरतो. कोणता भाव कुणाच्या ठिकाणी ठेवला आहे आणि गीत कुणाचे आहे, हे प्रश्न विचारल्यावाचून या रूपबंधाचे मूल्यमापन संभवत नाही. ‘भेसळ’ हा शब्द निर्णय देतो. त्यापूर्वी करावयाचे विश्लेषण मात्र तो टाळतो.